बंबाचं काय झालं?

"ते सगळं ठीक आहे रे, पण त्या बंबाचं काय झालं?"

मावशीने हे विचारलं तेव्हा हॉलमधले दिवे लागून पाच मिनिटंही झाली नव्हती. सदाशिव पेठेतल्या एका संस्थेचा छोटा हॉल, बाहेर जूनचा पाऊस, आणि बटाटेवड्यांच्या टेबलाभोवती ३१ माणसं. माझ्या पहिल्या सिनेमाचा, म्हणजे माझ्या साडेतीन वर्षांचा, पहिला खेळ नुकताच संपला होता. शेवटच्या शॉटबद्दल कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी कान टवकारून उभा होतो.

"कुठला बंब?" मी म्हटलं.

"कुठला म्हणजे? तात्यांचा. तांब्याचा. तो भंगारवाला येऊन ठोकून बघून गेला ना? मग पुढे दिसलाच नाही. विकला का सुनेने?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. सिनेमा नारायण पेठेतल्या एका वाड्याचा. वाडा पाडून इमारत व्हायची आहे आणि तात्या हे तिथले शेवटचे भाडेकरू. बंब, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं जुनं भांडं, आमच्या कलादिग्दर्शकाने जुन्या बाजारातून एका रविवारी साडेआठ हजारांना उचलून आणला होता. मला तो हवा होता, कारण करड्या भिंतीपुढे तांबं सुरेख दिसतं. माझ्या लेखी बंब म्हणजे एक रंग होता.

थोडं मागे जातो.

मी मूळचा एकांकिकांतला. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा'च्या आरोळ्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो प्रेक्षक काय चीज आहे हे ठाऊक असतं. प्रवेश जरा लांबला की तिसऱ्या रांगेत खोकला सुरू व्हायचा, आणि विंगेत उभ्या आम्हाला तिथल्या तिथे कळायचं की उद्या चार वाक्यं उडवायची. कुणी शिकवलं नव्हतं, पण माणसं हातातून सुटली की पाठीला जाणवायचं.

मग मी लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचा रसास्वादाचा कोर्स केला. महिनाभर सकाळपासून रात्रीपर्यंत जगभरचे सिनेमे. चूक त्या कोर्सची अजिबात नाही. तिथे दाखवलेल्यातलं मला सोयीचं तेवढंच मी घरी आणलं: शॉट लांब ठेवायचा, पात्रांनी कमी बोलायचं, आणि कुणाला कंटाळा आला तर तो त्याचा प्रश्न. खोकल्याकडे लक्ष देणं मी तेव्हापासून बंद केलं.

शूटिंग १९ दिवसांत उरकलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सगळ्यांच्या शूटिंगला होतं तेच आमच्याही झालं, जनरेटर बंद पडला आणि समोरच्या घरातला कुत्रा नेमका टेकच्या वेळी भुंकला. पहिलं एडिट २ तास २१ मिनिटांचं झालं. मी खूश होतो. ते सरळ फेस्टिवलांना पाठवायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

अडवलं दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि या सिनेमाचे निर्माते. भोसरीला त्यांचा छोटा कारखाना आहे, गाड्यांचे सुटे भाग करतात. सिनेमातलं मला काही कळत नाही असं ते दर भेटीत एकदा सांगतात आणि मग नेमकं वर्मावर बोट ठेवतात.

"आम्ही एखादा पार्ट केला," ते म्हणाले, "तर आधी गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत बसवून बघतो. बसला नाही तर ड्रॉइंग किती सुंदर होतं हे कोण विचारतो? तू तुझा पार्ट कुठं बसवून बघितलास?"

म्हणून तो हॉल. मावशी आणि तिचा भिशीचा ग्रुप, माझ्या जुन्या कॉलेजच्या नाटकमंडळातली सहा पोरं, आमच्या सोसायटीचा वॉचमन आणि त्याची बायको, शिवाजीनगर कोर्टातून निवृत्त झालेले एक शेजारी, दोघे रिक्षावाले, आणि असेच ओळखीतून आलेले. सिनेमावाला एकही नाही, ही एडिटरची अट होती. तिची दुसरी अट होती ती मला त्या वेळी वेडेपणाची वाटली. पडद्याखाली एक छोटा कॅमेरा लावायचा, तोंड प्रेक्षकांकडे. आधी सगळ्यांना सांगून, विचारून. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर पडतो तेवढ्यावर भागतं म्हणाली.

खेळ संपल्यावर मी फॉर्मही वाटले होते. ३१ पैकी २६ फॉर्मवर 'छान' हा शब्द होता. त्यातल्या नऊ जणांनी 'छान प्रयत्न' असं लिहिलं होतं. पुण्यात 'छान प्रयत्न'चा अर्थ काय होतो हे मी इथे फोड करून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी एडिटरच्या टेबलावर डावीकडे सिनेमा आणि उजवीकडे चेहरे असं लावून आम्ही बसलो. चेहरे 'छान' लिहीत नाहीत.

नवव्या मिनिटाला तात्या महिन्याचं ४२ रुपये भाडं मोजून देतात आणि मालकाकडे पावती मागतात. हशा. मी तो प्रसंग करुण म्हणून लिहिला होता. चौदाव्या मिनिटाला भिशीतल्या एक बाई शेजारणीच्या कानाला लागल्या. मला वाटलं कंटाळल्या. नंतर फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "अहो, तिला बंबफोड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगत होते, बंबात जाळायची बारीक लाकडं, आमच्याकडे वखारीतून पोतं यायचं." म्हणजे बाई सिनेमात होत्या, माझ्यापेक्षाही आत.

मग अडतिसावं मिनिट. भंगारवाला खाली बसतो, बंबाच्या पोटावर बोटाच्या पेरांनी ठोकतो, टण्ण असा भरीव आवाज येतो. तो मान वर करून सुनेकडे बघतो, काही बोलत नाही. उजवीकडच्या पडद्यावर सात माणसांच्या पाठी एकाच वेळी खुर्चीपासून सुटलेल्या दिसतात. वॉचमनची बायको तोंडाला पदर लावते. सात जण, एकमेकांशी काही न ठरवता, पुढे वाकले होते.

आणि मी काय केलं होतं? तिथून कट करून बोळात गेलो होतो. धुकं, एक सायकल, लांबवर दुधाच्या गाडीचा आवाज. त्यापाठोपाठ वाड्याच्या चौकातला पहाटेचा शॉट, ३ मिनिटं ४० सेकंदांचा, ज्यासाठी आम्ही चार दिवस साडेचारला उठलो होतो. शॉटच्या पहिल्या मिनिटातच एका हनुवटीखाली निळा उजेड लागला. मोबाइल कितीही मांडीत धरला तरी उजेड लपत नाही. शॉट संपेपर्यंत असे सहा उजेड.

एडिटरने टेप थांबवली. "बघ, हे लोक तुझी गोष्ट शोधतायत. तू ती कुठे ठेवलीयस?"

मला राग आला होता, खरं सांगतो. लोकांना धीर नाही, सगळी मोबाइलची पिढी, वगैरे जे आपण म्हणतो ते सगळं मी म्हणून घेतलं. पण त्या सहा उजेडांतला एक मावशीचा होता आणि मावशी ६८ वर्षांची आहे. शिवाय तीच बाई खेळ संपल्यावर बंबाची चौकशी करत होती. धीर तिच्यात होता. एका भांड्यासाठी ती पुढचा दीड तास थांबली होती आणि मी तिला रिकाम्या हाताने घरी पाठवलं होतं.

आणखी एक धडा कोर्टातल्या शेजाऱ्यांकडून. सिनेमात मालक पंधरा दिवसांची नोटीस देतो आणि तात्या गुपचूप ट्रंक आवरायला घेतात. बावन्नाव्या मिनिटाला शेजाऱ्यांनी हाताची घडी घातली ती शेवटपर्यंत सोडली नाही. भेटल्यावर म्हणाले, "अहो, पेठेतला जुना भाडेकरू असा निघतो होय? लघुवाद न्यायालयात माणसं हयात काढतात. मुळात आज बिल्डर नोटीस देतच नाही, फ्लॅट देतो. भांडण असतं ते सहीवरून." ते अगदी बरोबर बोलत होते. सध्या पेठांमधल्या निम्म्या घरांत तोच विषय चालू असतो. मी मात्र ते दुःख सिनेमांतून उचललं होतं, शेजारच्या घरात डोकावलोच नव्हतो. प्रेक्षकाची आवड म्हटलं की आपल्याला गाणी-मारामाऱ्या आठवतात. त्याला आधी खोटं आवडत नाही, हे राहून जातं.

पुन्हा टेबलावर बसण्याआधी मी प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' परत पाहिला. कोर्समध्ये पाहिला तेव्हा मी वहीत चौकटी आणि प्रकाशयोजना टिपत बसलो होतो. या वेळी वही बाजूला ठेवली. मुलगा आजारी आहे, घरात दाणा नाही, नवरा अभंगांत. जिजाई पोराला घेऊन देवळात जाते आणि विठोबावर चप्पल उगारते. श्रद्धा, दारिद्र्य, संसार, सगळं त्या उगारलेल्या हातात आहे आणि ते कुणी वाक्यात सांगत नाही. दामले आणि फत्तेलाल यांचा हा सिनेमा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. आम्ही मात्र हे दोन वेगवेगळ्या लोकांचे सिनेमे असतात असं धरून चालतो. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला मिळणारा पुरस्कार याच 'संत तुकाराम'च्या नावाचा आहे. मी त्या पुरस्काराची स्वप्नं बघत होतो आणि तो ज्याच्या नावाचा, त्याने काय केलं होतं हे विसरलो होतो.

तर बंब.

एडिटर आणि मी भिंतीवर कागद चिकटवले आणि प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारला: यानंतर बघणाऱ्याला काय जाणून घ्यायचं आहे? ज्या प्रसंगानंतर काहीच जाणून घ्यायचं नव्हतं तो कागद खाली. नऊ कागद खाली आले. त्यातल्या दोघांसाठी मी भांडलो, एक परत चढवला, आठवड्याने स्वतःच काढला.

नोटिशीचा प्रसंग बदलायचा होता, पण परत शूट करायला पैसे नव्हते. त्यात तात्या बराच वेळ पाठमोरे होते, ते पथ्यावर पडलं. पाठमोऱ्या शॉटवर नवे संवाद डब केले. नोटीस गेली, तिसऱ्या मजल्यावरचा ३०० चौरस फुटांचा फ्लॅट आला, सही राहिली. सुनेला फ्लॅट हवाय, आणि का नको? आयुष्यभर तिने सामायिक संडास वापरलाय. तात्यांचं म्हणणं एवढंच, की नव्या न्हाणीघरात बंब कुठे ठेवायचा? चार बाय सहाची जागा, धूर जायला वाट नाही. प्रश्न हास्यास्पद आहे हे त्यांनाही कळतं, म्हणून तर ते तो सोडत नाहीत.

एवढं जुन्या फुटेजमधून जुळलं. पण बंब मोडीत जातो की राहतो, हे दाखवायला एक दिवसाचं पॅचवर्क, म्हणजे जोड-शूटिंग, लागणार होतं. ८५ हजार. दाजींनी हिशेब दोनदा वाचला. "म्हणजे गिऱ्हाइकाने सांगितलेलं रीवर्क," म्हणाले, आणि चेक फाडला.

पॅचवर्क कसबा पेठेतल्या तांबट आळीत केलं. तात्या बंब घेऊन घराबाहेर पडतात. सुनेला वाटतं मोडीत घालायला गेले. ते जातात तांबटाकडे, गळती काढायला. घर जाणार हे नक्की झालेला माणूस बंब दुरुस्त करून घेतो, एवढाच प्रसंग. अडचण अशी की तात्यांचं काम करणाऱ्या नटाने एव्हाना मालिकेसाठी मिश्या काढल्या होत्या. त्यांना मफलर गुंडाळला. जुलैच्या उकाड्यात बिचारे दिवसभर लोकरीच्या मफलरात घामाघूम, आणि ते बघून गल्लीतली मुलं विचारतायत, "काका, सर्दी झालीय का?"

तिथल्या खऱ्या कारागिरालाच आम्ही कॅमेऱ्यापुढे बसवलं होतं. तालीम बघून तो म्हणाला, "असा नाही धरत. बूड वर करा." त्याने बंब उलटा केला, आतल्या नळकांड्याचा जोड अंगठ्याने चाचपला आणि जिभेने च्च् केलं. हातोडीचे तीन हलके ठोके मारून कान लावला. यातलं काहीही मी लिहिलेलं नव्हतं. कॅमेरा चालू होता हे माझं नशीब. शॉट झाल्यावर त्याने सांगितलं, "साहेब, हा खरोखरचाच गळतोय. ठेवून जा, दोन दिवसांत करून देतो." उजेड चालला होता, अजून दोन शॉट बाकी होते. मी म्हटलं, नंतर बघू.

दुसरी चाचणी दाजींच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली, शिफ्ट सुटल्यावर, ४० कामगारांसमोर. मला धाकधूक होती. ही मंडळी लातूर-बीडकडची, कुणी जळगावकडचं. पेठेतला वाडा त्यांनी बाहेरूनही पाहिलेला नसेल, बंबाशी त्यांचं काय देणंघेणं? १ तास ५२ मिनिटांचा नवा कट लावला. पहाटेचा शॉट मी पूर्ण काढलेला नव्हता. २ मिनिटांवर आणून तात्या शेवटचा बंब पेटवतात त्याच्यानंतर नेला होता. तोच चौक, तेच धुकं. फक्त आता कोपऱ्यात बंबाचा धूर आहे आणि बघणाऱ्याला माहीत आहे की तो उद्या नसणार.

टेप पाहिली. २ मिनिटं. एकही निळा उजेड नाही. शॉट कापायलाच हवा असं मी तोपर्यंत शिकलो होतो, ते परत विसरावं लागलं.

बाहेर चहा घेताना वेल्डिंगचं काम करणारा एकजण म्हणाला, "आमच्या आईचं जातं हाय गावाकडं. इथं वन आरकेत कुठं ठिवायचं? पण इकू पण देत न्हाई ती." बराच वेळ तो जात्याबद्दल बोलत राहिला. सिनेमाबद्दल त्याने एक शब्द काढला नाही.

लोकांनी सांगितलेलं सगळंच मी ऐकलं असंही नाही. दोन्ही चाचण्यांत पुष्कळ जणांना तात्यांचा बंगळुरूचा मुलगा शेवटी परत यायला हवा होता. मावशी तर अजून त्यावरून बोलते. मी नाही आणला. तो आला असता तर पहिल्या दिवसापासूनच आला असता, असं मला वाटतं. कदाचित माझं चुकलंही असेल. त्या प्रसंगाला टेपवर काही चेहरे उतरलेले दिसतात आणि ते कशाने उतरले हे मला अजून नक्की वाचता आलेलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. सेन्सॉरचं काम सुरळीत झालं. तात्यांच्या विडीखाली आरोग्याचा इशारा झळकवावा लागला एवढंच. वितरकाकडे मात्र मजा आली. त्याने दहा मिनिटं पाहिलं, मग म्हणाला, "चांगलंय. मध्ये एक लावणी टाका. पब्लिकला हेच आवडतं." मी विचारलं, शेवटचा कधी थिएटरात पब्लिकमध्ये बसला होतात? तो हसला. त्याच्यात आणि जुन्या माझ्यात तसा फरक नव्हता. मी म्हणायचो पब्लिकला कळत नाही, तो म्हणायचा पब्लिकला हेच कळतं; तोंड पब्लिककडे करून कुणीच बसलेलं नव्हतं.

लावणी टाकली नाही. पहिल्या आठवड्यात सगळे मिळून ३८ खेळ मिळाले. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यायचा असं सरकारने २०१५ साली ठरवलं, त्यात प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९. त्यामुळे मंगळवारचा दुपारी सव्वाबाराचा आमचा खेळही प्राइम टाइमच. दुसऱ्या आठवड्यात ९ खेळ उरले. दाजींचे पैसे अजून पूर्ण सुटलेले नाहीत. कोथरूडचा पहिला रविवार मात्र जवळजवळ भरला होता. मी सवयीने पडद्याकडे पाठ करून जिन्यात उभा राहिलो. भंगारवाल्याने बंब ठोकला, टण्ण वाजलं, आणि अंधारात कुणीतरी बाई स्पष्ट म्हणाली, "देऊ नको गं."

बंब शूटिंगनंतर वर्षभर माझ्या बाल्कनीत पडून होता. मावशीचं अजून बैठं घर आहे, मागे अंगण आहे. नरकचतुर्दशीच्या आधी येऊन ती तो रिक्षात घालून घेऊन गेली. चिंचेने घासून लखलखीत केला असं तिने फोनवर सांगितलं. पहिल्या आंघोळीच्या दिवशी पहाटे पावणेपाचला परत फोन. मला वाटलं, आठवण आली, सिनेमाबद्दल काही बोलेल.

"अरे, अंगणभर पाणी झालंय. तुझा बंब गळतोय."

"मावशी, सिनेमात दुरुस्त केला ना तात्यांनी."

"सिनेमातलं मला नको सांगूस. दुकान कुठे म्हणालास ते? ऊठ आणि गाडी काढ."

तांबट आळीतल्या त्या कारागिराने आम्हाला लांबूनच ओळखलं. मावशीच्या हातातून बंब घेतला, उलटा केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलं होतं."